ओले सहा तास

हर्षला घरतनं आपल्या नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात कोरणी खुपसली, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. कारखान्यात सातजण कामाला होते, रेडिओ चालू होता आणि चहाची किटली नुकतीच फिरून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. उलट पेणपासून हमरापूरपर्यंत कुणालाही विचारा, या जोडप्याचं एकमेकांवरचं प्रेम हा गणपतीच्या कारखान्यांमधला हक्काचा चेष्टेचा विषय होता.

संदेश काय करत होता? रोजचंच काम. आषाढाचे दिवस, जमीन चिकचिकीत, म्हणून पायात गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. साच्यातून काढलेल्या शाडूच्या मूर्ती, अजून हात न बसवलेल्या, गोणपाटावर ओळीनं आडव्या ठेवलेल्या होत्या. त्या ओळींमधून तो चालत होता. तडा गेलेली मूर्ती दिसली की हातोडीचा एक घाव घालून ती फोडायची आणि माती परत कालवायला टाकायची. डोळे होण्याआधी मूर्ती म्हणजे नुसती माती, त्यात पापबीप काही नाही. एक घाव, दोन पावलं, वाकून बघायचं, पुन्हा घाव.

हर्षला कोपऱ्यात सोंडेवर काम करत बसली होती. तिनं मान वर केली. ओळीनं पडलेली माणसं तिला दिसली. त्यांच्यामधून चालणारे बूट दिसले. ती उठली आणि सरळ त्याच्या अंगावर गेली.

पहिला वार गळ्यावर होता, तो मानेखालच्या हाडावरून निसटला. दुसरा डोळ्यात बसला. संदेश मूर्तींवर कोसळला, माती आणि रक्त एक झालं, आणि त्याच्या छातीवर बसून ती एकच शब्द ओरडत राहिली, "मोतेक! मोतेक!" कुणाला काही कळेना. चार गड्यांनी तिला ओढून काढली. तिची मूठ उघडायला आणखी दोघं लागले.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा संदेशचं अर्धं तोंड पट्टीत होतं. तो म्हणाला, "पाय घसरला साहेब. कोरणी डब्यात उभी होती, तिच्यावर पडलो."

"दोनदा पडलात?"

"दोनदा पडलो."

साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले. डोळा गेला तो गेलाच.

आता तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलं. तसं असतं तर सोपं होतं. हे समजायचं तर आधी रोझाबाईंकडे जायला हवं.

रोझाबाई वाक्रुळकर पेणच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होत्या. वाक्रुळकर हे आडनाव नवऱ्याचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कुलाबा जिल्ह्यात ओळखले जात, त्या बेने इस्राएल मंडळींपैकी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. बाई स्वतः पोलंडच्या ज्यू. महायुद्ध संपल्यावर चौदाव्या वर्षी, एकट्या, एका दूरच्या काकाच्या ओळखीनं मुंबई बंदरात उतरल्या. पुढे रेल्वेतल्या सॅम वाक्रुळकरांशी लग्न केलं आणि मराठी अशी उचलली, की मासळीबाजारात त्या भाव करायला लागल्या की कोळणी हात जोडायच्या. डाव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी. कशानं, ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

हर्षला ही त्यांची शिकवणीची शेवटची विद्यार्थिनी. दहावीच्या गणितात तीनदा गचकलेली. चौथ्यांदा बाईंनी तिला कान धरून पार नेली. "उत्तर फुगवायचं नाही," त्या ओरडायच्या. "साडेतीन आलं तर साडेतीन लिही. चार लिहिलंस तर ते तुझं उत्तर, गणिताचं नाही!" त्या पासाच्या जोरावर पोरगी कला शाळेत गेली आणि परत येऊन आखणी करायला लागली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. कारखान्यातलं सर्वांत नाजूक काम. तिचं लग्न संदेशशी झालं त्या वर्षी तिच्या हातून जे डोळे उतरले ते सगळे संदेशचे. जाड पापण्या, किंचित झोपाळू, कोपऱ्यात हसू. "आले बघ संदेशराव," म्हणून गडी हसायचे. पण गिऱ्हाइकांना तेच डोळे आवडले, मंडळं तेच मागायला लागली, आणि वर्षाला दोनशे गणपती संदेशच्या डोळ्यांनी जगाकडे बघायला लागले.

२०३१ साली बाई अठ्ठ्याण्णव वर्षांच्या झाल्या. डोकं लख्ख, पाय गेलेले. शेजारी राहणारी हर्षला रोज सकाळी त्यांना अंघोळ घालायची, दुपारी गप्पा मारायला बसायची. एके दिवशी बाई म्हणाल्या, "मला पुण्याला ने. त्या मशीनवाल्या बाईकडे."

मशीनवाली बाई म्हणजे डॉक्टर वैदेही सप्रे. मेंदूवर काम करणारी, बारीक, तुटक बोलणारी. तिनं दोघींना समोर बसवून समजावलं.

"आठवण म्हणजे डोक्यात ठेवलेला फोटो नव्हे. काही हजार पेशींची एक टोळी असते. ती टोळी ठरावीक क्रमानं पेटली, की आपल्याला आठवतं. रोझाबाई आठवतील तेव्हा तो क्रम आम्ही टिपून घेणार आणि हर्षलाच्या मेंदूत तसाच पेटवणार. भीती, वेदना, वास जसंच्या तसं जाईल. बाकीचं चित्र तिचा मेंदू स्वतःजवळचा माल वापरून उभं करील. म्हणून घेणारा, ज्याची आठवण त्याच्या रक्तातला किंवा वर्षानुवर्षं सहवासातला लागतो आणि चाळिशीच्या आतला लागतो."

"आणि धोका?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. आठवण काढली की ती सैल होते. देणाऱ्याचीही, घेणाऱ्याचीही. पुन्हा घट्ट बसायला पाच-सहा तास लागतात. तेवढ्या वेळात जे बघाल, ज्याला हात लावाल, ते तिच्यात मिसळू शकतं. म्हणून सहा तास अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. काही बघायचं नाही, काही करायचं नाही."

"म्हणजे शाडूसारखं," हर्षला म्हणाली. "ओली आहे तोवर बोटाचा ठसा उठतो."

डॉक्टरला ते इतकं पटलं, की तिच्याकडे सगळेच त्याला ओले सहा तास म्हणायला लागले.

हर्षलानं परतीच्या वाटेवर बाईंना विचारलं, की हे सगळं बोलूनच का नाही सांगत? आपण कॅमेऱ्यावर घेऊ.

"घसा बंद होतो," बाई म्हणाल्या. "सत्तर वर्षं प्रयत्न केला. आणि कॅमेऱ्याचं काय सांगतेस? बोलणारी म्हातारी आता कुणीही घरबसल्या बनवतं. ज्यूंना मारलंच नाही कुणी, असं म्हणणारे लोक रोज नव्या म्हाताऱ्या बनवतायत. उद्या मला त्यातलीच एक म्हणतील. माझी मुलगी तिकडे इस्राएलात लोदला आहे, ती पंच्याहत्तरीची. नात सरळ नाही म्हणाली. पणती नोआ आहे चौदाची, कायदा अठराच्या आत देऊ देत नाही. मी तोवर थोडीच टिकणार? चार वर्षं तू सांभाळ, मग तिला दे. तू माझा हातचा आहेस, हर्षला. हातचा विसरला की सगळं गणित चुकतं."

आता सांगा, कोण नाही म्हणेल? चतुर्थीला आठ दिवस उरले असताना दोघी पुन्हा पुण्याला गेल्या.

डोक्याला टोपी लावली, आणि हर्षला घरत नऊ वर्षांची झाली.

अंगावर कपडा नव्हता. थंडी अशी, की दात आपोआप वाजत होते. समोर खड्डा. खड्ड्याच्या काठावर गावातली माणसं ओळीनं उभी, शिंपी, सुईण, शाळेतला मास्तर, सगळी नागवी, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. आईच्या कडेवर सहा वर्षांचा धाकटा भाऊ मोतेक, दुसऱ्या हातात ही. मागून जर्मन भाषेत हुकूम झाला. गोळ्या सुटायच्या आधी आईनं हिला खड्ड्यात ढकललं. मग वरून माणसं पडली. आई पडली. आईचं रक्त मानेवरून, कानात, तोंडात गेलं, आणि ते गरम होतं म्हणून बरं वाटलं. बरं वाटलं, याची लाज त्यानंतर जन्मभर गेली नाही.

मग बूट आले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक माणूस पडलेल्यांवरून चालत होता. काही हललं की थांबायचा. एक गोळी, दोन पावलं, वाकून बघायचं, पुन्हा गोळी. मोतेक जिवंत होता. तो हाताच्या अंतरावर होता आणि हळू आवाजात हाक मारत होता, "रोझा. रोझा." तिनं ओ दिली नाही. हात पुढे करून त्याचं तोंड दाबलं असतं तर तो कदाचित वाचला असता. तिनं हात हलवला नाही. तेवढ्यात बूट त्याच हातावर पडला, सगळ्या भारानं. बोटं मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. ती ओरडली नाही. गोळी मोतेकच्या डोक्यात गेली आणि त्याच्या डोक्यातलं काहीतरी तिच्या गालावर उडालं. बूट उचलला गेला. तिनं मान वर केली नव्हती. जवळजवळ नव्वद वर्षं त्या माणसाला चेहरा नव्हता.

टोपी काढल्यावर हर्षला ओकली. मग रडली. मग अंधाऱ्या खोलीत तासभर पडली, आणि फोन वाजला.

कारखान्यातून होता. दुसरा आखणीवाला तापानं फणफणला होता, अकरा मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या आणि मुंबईचा टेम्पो दारात होता. डोळ्यांवाचून मूर्ती टेम्पोत चढवायची नाही ही कारखान्याची जुनी रीत. आणि हर्षलाचा तर स्वभावच तसा, कोरा चेहरा समोर दिसला की तिला घास गिळवायचा नाही. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होती. बाईंना नर्सच्या भरवशावर सोडून ही बया गाडीत बसली. अडीच तासांत पेण. कुंचला हातात घेतला तेव्हा ओल्या सहापैकी अडीच तास अजून बाकी होते.

समोर अकरा कोरे चेहरे. हाताला डोळे पाठ होते. जाड पापणी, झोपाळू बुबुळ, कोपऱ्यात हसू. चौथ्या मूर्तीवर असताना तिच्या डोक्यात खड्ड्यातल्या त्या पोरीनं मान वर केली. वर बूट होते, दुमडलेल्या बाह्या होत्या, आणि त्यावर चेहरा होता. संदेशचा.

तिनं कुंचला खाली ठेवला नाही. ती आणि राहिलेल्या सात मूर्ती पुऱ्या केल्या. हीच तिची चूक, आणि पेणच्या बाहेरच्या कुणी ती केली नसती.

तिनं कुणालाही सांगितलं नाही. जाईल आपोआप, असं वाटलं. दिवाळीत बाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी विचारलं, "त्याचा चेहरा दिसला का गं तुला?"

"नाही, बाई."

"बरं झालं. मलाही कधी दिसला नाही. तसंच राहू दे. नसलेलं लिहायचं नाही."

आयुष्यात बाईंशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. आणि पुढच्या आषाढात संदेश गमबूट घालून ओळींमधून चालायला लागला.

त्यानंतर हर्षला बाईंच्या रिकाम्या घरात राहायला गेली. आखणी सोडली. शिवणकाम करून पोट भरायची. बाजारातही मान खाली घालून जायची, कुठे तो समोर आला आणि हात पुन्हा उठला तर? संदेश रोज दुपारी डबा आणायचा. दारावर दोन टिचक्या मारायचा, डबा ठेवायचा आणि जिना उतरून जायचा. सासू म्हणाली, "अरे, तुझा डोळा फोडला तिनं, आणि तू तिला सुकट भरवतोस?" तो म्हणाला, "तिनं नाही फोडला." एवढंच. तीन वर्षं तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

आणि मग नोआचा फोन आला. "मावशी, मी अठरा झाले. मला मराठी येते, आजी घरात बोलते ना. मी येते पुढच्या महिन्यात. माझं आहे ते मला दे."

हर्षलानं डॉक्टर सप्रेला सगळं खरं सांगितलं. डॉक्टरनं तपासून पाहिलं आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले.

"चेहरा घट्ट बसलाय. असाच दिला तर त्या मुलीला तुझ्या नवऱ्याचा चेहरा दिसेल, नाहीतर तिचा मेंदू तिच्या ओळखीतल्या कुणाचातरी बसवील. वडिलांचा. शेजाऱ्याचा. तीही एक दिवस उठेल आणि कुणाचातरी डोळा काढील. परदेशात झालेत असे प्रकार. भीती पुसणारं औषध आहे, पण ते निवडून पुसत नाही. मोतेकही जाईल."

"मग?"

"पुन्हा आठवायचं. पुन्हा ओली करायची. आणि त्या वेळी मेंदूला असं काहीतरी दाखवायचं, जे आठवणीशी जुळत नाही. जुळलं नाही तरच तो जुनं सोडतो."

त्या दुपारी दारावर दोन टिचक्या पडल्या आणि पहिल्यांदाच ती आतून बोलली. सगळं सांगितलं, दाराच्या लाकडाला कपाळ टेकून.

"त्याला दोन डोळे आहेत ना?" बाहेरून संदेशनं विचारलं.

"कुणाला?"

"त्या हरामखोराला. माझं तोंड लावून फिरतोय त्याला."

"दोन."

"मला एक आहे," संदेश म्हणाला. "मी येतो पुण्याला. बघू दे त्याला कोण आहे तो."

ती दाराला धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. बाहेर तो जिन्यावर बसून राहिला, डबा मांडीवर घेऊन.

पुण्याच्या त्या खोलीत हर्षला पुन्हा खड्ड्यात उतरली. टोपी उतरवली, दार उघडलं, आणि संदेश समोर येऊन उभा राहिला, काळा चष्मा लावून. ती त्याच्या गळ्यावर झेपावली. खुर्ची उलटली, दोघं फरशीवर पडली, तिची नखं त्याच्या मानेत रुतली, दात खांद्यात. नर्स धावली तसा तो ओरडला, "कुणी हात लावायचा नाही तिला!" आणि एका हातानं त्यानं चष्मा काढून फेकला.

डावीकडे खोबण होती. शिवलेली, आत ओढलेली, एका बाजूला कोरणीचा पांढरा वण.

हर्षला थांबली. आठवणीत वरून बघणाऱ्याला दोन डोळे होते. हसरे, झोपाळू, दोन. इथं खाली पडलेल्या माणसाला एक होता, आणि त्यातून पाणी वाहत होतं. ती बघत राहिली. पुन्हा पुन्हा डावीकडे, उजवीकडे. तिच्या डोक्यातला तो दुमडलेल्या बाह्यांचा माणूस हळूहळू पुसट व्हायला लागला. आधी हसू गेलं, मग पापण्या गेल्या. तिथं रंगवायला घेतलेलाच नाही असा चेहरा उरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तो भरावासा वाटला नाही.

"तू आहेस," ती म्हणाली.

"मीच आहे गो."

डॉक्टरनं बजावलं होतं, नुसतं समोर बसायचं, अंगाला हात लावायचा नाही. पण पुढचे तास ती किंचाळत होती, मोतेकला हाका मारत होती, डावा हात फरशीवर आपटत होती. तीन वर्षांनी बायको समोर आलेली. कुठला नवरा हात बांधून बसेल? डॉक्टर चहाला गेली तसा त्यानं तिचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. दोघांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय, असंही त्यांना वाटलं नाही.

आठवड्यानं नोआ आली. उंच, दणकट पोरगी, नुकतीच शाळा संपवलेली, केसांचा बॉयकट. बाईंच्या घरात शिरल्या शिरल्या तिनं भिंतीवरच्या बाईंच्या फोटोतली वाकडी बोटं बोटानं गिरवली. दुसऱ्या दिवशी सगळे पुण्याला गेले, आणि डॉक्टरनं आधी हर्षलाची तपासणी केली. चेहरा स्वच्छ गेला होता. संदेशला मात्र हर्षलानं पोरीच्या समोर येऊ दिलं नाही, उगाच डोळ्यांत बसायला नको. तो दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर थांबला.

नोआनं आठवण घेतली. टोपी काढताना तिनं नर्सच्या मनगटाचा चावा घेतला, दोन्ही हातांनी स्वतःचे केस उपटले आणि "आई" म्हणून अशी हाक मारली, की डॉक्टरनंही तोंड फिरवलं. हर्षला तिला मिठीत घट्ट धरून बसली. हळूहळू पोरीचा श्वास जागेवर आला.

"चेहरा दिसला त्याचा?" हर्षलानं विचारलं.

"नाही. बूट फक्त. चेहरा कोरा होता."

हर्षलानं डोळे मिटले. झालं बाई, दिलं. हातचा दिला.

"पण मावशी, एक माणूस होता ना," नोआ म्हणाली. ती चक्क हसत होती, गालावर पाणी असताना. "खड्ड्यात. माझ्याजवळ. एक डोळा होता त्याला. त्यानं माझा हात धरला होता, सगळा वेळ. हा हात." आणि तिनं डावा हात पुढे केला.

हर्षलाला आपले ते ओले तास आठवले, आणि संदेशच्या दोन्ही हातांतला आपला डावा हात. त्याच वेळी, आरडाओरडा ऐकून राहवेना म्हणून, संदेश पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहिला.

"हाच!" नोआ ओरडली. उठून, धडपडत जाऊन, तिनं त्याचा हात पकडला. "काका, तू होतास ना! तू होतास!"

डॉक्टर सप्रे हर्षलाच्या कानाशी आली आणि कुजबुजली, "राहू दे का? हातावरचा बूट गेला, हात आला. मुलगी जगेल गं याच्यावर. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर हर्षलाला क्षणभर तसंच वाटलं. अठरा वर्षांची पोर. काय बिघडलं, त्या भयानक जागी एक चांगला माणूस ठेवला तर? पण मग तिला मोतेक आठवला. हात धरणारा कुणी तिथं होता, तर त्यानं मोतेकचं तोंड का दाबलं नाही? नऊ वर्षांची एक पोर तिथं एकटी पडली होती, एकटी म्हणजे एकटी, आणि तीच गोष्ट सांगायला बाई अठ्ठ्याण्णव वर्षं जगल्या होत्या. साडेतीनचे चार.

ती संदेशकडे बघत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, त्या एका डोळ्यानं, आणि त्याला समजलं.

"मी नव्हतो बाळा," तो म्हणाला. "मी नंतरचा आहे. खूप नंतरचा. तिथं कुणी नव्हतं."

"होतास!" नोआनं त्याच्या छातीवर बुक्की मारली. "खोटं बोलतोस! मला गरम लागला तुझा हात!" दुसरी बुक्की तोंडावर बसली, ओठ फुटला. तो हलला नाही. "तू होतास, तू होतास!" ती मारत राहिली, त्यानं मारू दिलं, आणि मारता मारता ती त्याच्या पायाशी बसली. हात मात्र सोडला नाही.

हर्षला तिच्यासमोर फरशीवर बसली. घड्याळाकडे बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती, आठवण अजून ओली होती.

"मग माझा हात कुणी धरला होता?" नोआनं विचारलं. लहान मुलीनं विचारावं तसं.

"कुणी नाही," हर्षला म्हणाली. "हातावर बूट होता."

नोआ किती तरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो संदेशच्या हातातून एकेक बोट करून सोडवला आणि उताणा, गार फरशीवर ठेवला. मधली दोन बोटं थरथरत होती. संदेश उठला, दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"पहिल्यापासून सांग," नोआ म्हणाली. "तोंडानं सांग. मशीन नको."

हर्षलानं घसा खाकरला. पोलंडमधल्या त्या आईचं, म्हणजे नोआच्या खापरपणजीचं नाव, मोतेकचं वय, शिंपी, सुईण, मास्तर, थंडी. एकेक, जेवढं होतं तेवढंच, काही न फुगवता. बुटाशी आल्यावर नोआ किंचाळली, बाहेर उभ्या असलेल्या माणसानं भिंतीला डोकं टेकलं, आणि हर्षला थांबली.

"पुढे सांग," नोआ म्हणाली.